जुनी फियाट पुन्हा रस्त्यावर आणताना: न दिसणारे बदल कुठे आणि कसे करायचे

डिलाइट असो, प्रेसिडेंट असो की पद्मिनी, पुण्यात या गाडीला नाव एकच, फियाट. १९६४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात ११०० डिलाइट बनू लागली, पुढे तिचीच पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, त्यावर ॲल्युमिनियमचं हेड, स्टिअरिंगवर गिअर, मागच्या चाकांना ड्राइव्ह आणि पाटे (लीफ स्प्रिंग), चारही चाकांना ड्रम ब्रेक. यंत्र साधं आहे. अवघड झालंय ते पार्ट मिळवणं. मुंबईत फियाटच्या टॅक्सी धावत होत्या तोवर नाना पेठेत हवं ते मिळायचं. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची टॅक्सीही थांबली आणि तो पुरवठा आटत चालला. म्हणून पार्ट हातात आल्याशिवाय गाडी खोलू नका. खोलून ठेवलेली आणि पार्टसाठी अडलेली फियाट दोन पावसाळ्यांत भंगार होते.

बदलांसाठी एकच कसोटी ठेवा: केलेला बदल एका रविवारी, फक्त पाना-पेचकस वापरून, पूर्ववत करता आला पाहिजे. मूळ पत्रा कापावा लागत असेल, चॅसिस नंबरजवळ वेल्डिंग करावं लागत असेल किंवा डॅशबोर्डला भोक पाडावं लागत असेल, तर तो बदल करू नका. काढलेला प्रत्येक मूळ भाग तेल लावून, चिठ्ठी बांधून खोक्यात ठेवा.

आधी कागद

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ तपशिलात परवानगीशिवाय फेरफार करता येत नाही. रंग बदलला तर आरसी बुकात नोंद हवी, दुसरं इंजिन बसवलं तर आरटीओची मंजुरी. संगम पुलाजवळच्या आरटीओत इंजिन आणि चॅसिस नंबरचा ठसा तपासतात, त्यामुळे सँडब्लास्टिंगला देण्याआधी नंबरांवर जाड टेप लावा आणि फोटो काढा. ब्लास्टिंगमध्ये नंबर पुसट झाला तर पुढची धावपळ महिनोन् महिने चालते.

५० वर्षांहून जुन्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळते. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण चॅसिस, बॉडी आणि इंजिन मुळातलं हवं आणि अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच. रविवारी सकाळी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत चक्कर हा तुमचा बेत असेल, तर साधी नोंदणी नूतनीकरण करून ठेवणंच सोयीचं.

पत्रा

या गाडीला वेगळी चॅसिस नाही, पत्राच भार पेलतो. त्यामुळे गंज हा दिसण्याचा नाही, ताकदीचा प्रश्न आहे. पातळ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवा. जिथे पकड सुटते तिथे खाली पुट्टी आहे. मग जुना पेचकस घेऊन खालून टोचा: पायाखालचा पत्रा, दारांखालच्या सिल, जॅक लावायच्या जागा, डिकीतली स्टेपनीची खोबण, पुढच्या काचेच्या रबराखालची कड, बॅटरीचा ट्रे आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पाटे बॉडीला टांगणाऱ्या कडीच्या, म्हणजे शॅकलच्या भोवतीचा भाग. शॅकलपाशी पेचकस आत गेला तर बाकी कितीही चकचकीत असलं तरी ती गाडी विकत घेऊ नका.

सिल कापण्याआधी दारांच्या चौकटीत लोखंडी अँगल आडवे-तिरके तात्पुरते वेल्ड करा. हे न करता सिल कापली की बॉडी मधोमध किंचित लवते आणि नवी सिल लावल्यावर दार कधीच नीट बसत नाही. दोन्ही कर्ण टेपने मोजून लिहून ठेवा. फरक ३ मिमीपेक्षा वाढू देऊ नका. भार पेलणाऱ्या जागी १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिमीचा पत्रा, बाहेरच्या पॅनेलला २० गेज. मिग वेल्डिंगने एका वेळी एक सेंटीमीटर टाका, मग दुसऱ्या टोकाला जा. सलग ओढलं तर पत्रा तापून लहरी धरतो, आणि त्या लहरी झाकायला पुट्टीचे थर चढतात. पुट्टीचा थर २ ते ३ मिमीहून जाड नको आणि तो उघड्या पत्र्यावर नाही, इपॉक्सी प्रायमरवर. पुट्टी ओल शोषते. वरून रंग शाबूत आणि आत गंज, हे दोन वर्षांत फुगा बनून बाहेर येतं.

रंगकाम नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच. पुण्याच्या पावसाळी हवेत रंगावर पांढुरका धूसरपणा येतो, तो पॉलिशने जात नाही. दोन भागांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग मारताना हार्डनरमधलं आयसोसायनेट फुप्फुसाला घातक असतं, साधा कापडी मास्क पुरत नाही. रंग वाळल्यावर सिल, दारं आणि खांबांच्या पोकळीत मेणाचा फवारा मारा आणि दारांच्या तळाची पाणी जायची भोकं मोकळी आहेत ना, ते तारेने पाहा. रंगाऱ्याच्या हातून ती हमखास बुजतात.

ब्रेक: पहिला खरा बदल

मूळ रचनेत एकच सर्किट आहे. एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक गेला. दिवे घाटात, समोर उसाची ट्रॉली असताना, हे परवडत नाही. म्हणून बाकी काही केलं नाही तरी दुहेरी सर्किटचा, म्हणजे टँडम मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ब्रेकच्या तेलावर देणारा भाग) बसवा. पुढच्या चाकांना एक सर्किट, मागच्यांना दुसरं. बॉनेट उघडल्याशिवाय तो दिसत नाही.

इथे सर्वांत जास्त चूक होते ती बोअरची, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाची. मिळाला तो मास्टर सिलिंडर लावला जातो. जुन्याचा बोअर व्हर्निअरने मोजा आणि नवा तेवढाच घ्या. पाऊण इंची म्हणजे १९.०५ मिमीच्या जागी एक सूत मोठा, सात अष्टमांश इंची म्हणजे २२.२ मिमीचा बसवला, तर पिस्टनचं क्षेत्रफळ २८५ वरून ३८८ चौरस मिमी होतं. तेवढ्याच ब्रेकसाठी पायाला ३६ टक्के जास्त जोर लागतो. मेकॅनिक म्हणतो पेडल मस्त कडक झालं. गाडी मात्र उशिरा थांबते. ड्रमसाठी लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्हही लागतो. डिस्कच्या गाडीचा मास्टर सिलिंडर घेतला तर तो नसतो आणि प्रत्येक वेळी दोनदा पेडल मारावं लागतं.

नळ्या ३/१६ इंची स्टीलच्या किंवा तांबं-निकेलच्या मिश्रधातूच्या, टोकं दुहेरी फ्लेअर केलेली, म्हणजे पसरवून आत दुमडलेली. फ्रिज-एसीवाल्यांकडची तांब्याची नळी वाकवायला सोपी म्हणून वापरली जाते. ती थरथरून फ्लेअरपाशी चिरते. रबरी होज तिन्ही बदला, बाहेरून धड दिसले तरी. आतून फुगलेला होज तेल जाऊ देतो पण परत येऊ देत नाही, मग चाक धरून बसतं आणि दोष लायनरला दिला जातो. तेल डॉट-४, दर दोन वर्षांनी बदलायचं. हवा काढताना प्रत्येक सर्किटमध्ये मास्टर सिलिंडरपासून लांबचं चाक आधी.

पुढे डिस्क लावावी का? आमचं मत, नको. ब्रॅकेट घडवून घ्यावा लागतो, परवानगीचा प्रश्न येतो, आणि ड्रम लेथवर गोल करून, नवे लायनर नीट घासून बसवले तर ताशी ८० किलोमीटरपर्यंत या सुमारे ९०० किलोच्या गाडीला ते पुरतात. घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, एवढं मात्र पाळावं लागतं.

इंजिन, आणि ई-२० पेट्रोल

खोलण्याआधी कम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब तपासा: चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, इंजिन गरम असताना. एखाद्या सिलिंडरचं माप बाकीच्यांपेक्षा १५ टक्क्यांहून कमी आलं तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. वाढलं तर रिंगा गेल्या, तेवढंच राहिलं तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. एवढ्या चाचणीने पुढचा निम्मा खर्च ठरतो. बोअर करायचाच असेल तर आधी ओव्हरसाइज पिस्टन विकत घ्या, तो भोसरीच्या मशीन शॉपमध्ये सोबत न्या आणि त्याच्या मापाने बोअर करून घ्या. उलट क्रमाने केलं की बोअर एका मापाचा आणि बाजारात पिस्टन दुसऱ्याच मापाचे, अशी गत होते.

ॲल्युमिनियमचं हेड एकदा तापलं की वाकतं. सरळ पट्टी आडवी-तिरकी ठेवून खाली ०.०५ मिमीचा फीलर (मापाची पातळ पाती) सरकतो का पाहा. सरकला तर फेस मारून घ्या, पण लागेल तेवढाच. हेड खाली उतरलेलंच आहे तर व्हॉल्व्ह सीट कठीण धातूच्या करून घ्या. २००० साली देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झालं. जुन्या मऊ सीटना शिशाचा जो लेप मिळायचा तो आता मिळत नाही, आणि सीट झिजून व्हॉल्व्ह आत रुतत जातात. हेडचे नट मधून बाहेर, तीन टप्प्यांत आवळा; ५०० किलोमीटरनंतर थंड इंजिनावर पुन्हा.

आता पंपावर ई-२० मिळतं, म्हणजे पाचवा हिस्सा इथेनॉल. ही गाडी त्यासाठी बनलेली नाही. तीन गोष्टी होतात. एक, जुनं रबर फुगतं किंवा भुगा होतं: पेट्रोलचा प्रत्येक पाइप, पंपाचा पडदा, कार्बोरेटरची गॅस्केट इथेनॉल सोसणाऱ्या रबराची हवी, पाइपवर ‘एसएई जे-३० आर-९’ छापलेलं असतं, ते पाहून घ्या. दोन, इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्याने मिश्रण पातळ पडतं, गाडी झटके देते आणि चढावर तापते. मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं मापाचं भोक) एक पायरी वाढवा. जेटवरचा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो, १२० च्या जागी १२५ लावलं की भोकाचं क्षेत्रफळ साडेआठ टक्के वाढतं, आणि साधारण तेवढंच लागतं. ड्रिलने भोक मोठं करू नका, ते कधीच गुळगुळीत होत नाही. तीन, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी महिनोन् महिने उभी राहिली की पाणी आणि इथेनॉल टाकीच्या तळाला वेगळं बसतं, तिथून गंज. गाडी तीन महिन्यांहून जास्त उभी राहणार असेल तर कार्बोरेटरचा बाउल रिकामा करा.

एप्रिल-मेमध्ये सिग्नलला थांबल्यावर पाइपात पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडते, तेव्हा लोक इंजिनावरच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकतात. त्यापेक्षा टाकीजवळ छोटा इलेक्ट्रिक पंप लपवा, पण २ ते ३ पीएसआयचाच. इंजेक्शनच्या गाडीचा पंप दाबाने फ्लोटची सुई उचलून इंजिनभर पेट्रोल ओततो. पंपाची वायर ऑइल प्रेशर स्विचशी जोडा, म्हणजे इंजिन थांबलं की पंपही थांबेल. अपघातात हेच वाचवतं. सेल्फ मारताना पंपाला वेगळी वायर द्यावी लागते, कारण तेव्हा तेलाचा दाब आलेला नसतो.

वीज: क्रम चुकवू नका

बहुतेक जण आधी पंखा आणि दिवे लावतात, मग बॅटरी उतरते म्हणून तक्रार करतात. हिशेब करा. दोन हेडलाइट मिळून ९ अँपिअर, रेडिएटरचा पंखा ८ ते १०, इग्निशन ३-४, वायपर ३, बाकी दिवे २. बेरीज पंचविशीच्या पुढे गेली. जुना डायनमो भरवेगात १६ ते २२ अँपिअर देतो, सिग्नलला जवळपास काहीच नाही. म्हणून आधी अल्टरनेटर. मारुती ८०० चा छोटा अल्टरनेटर ब्रॅकेट बनवून बसतो. पुली आणि क्रँकची पुली एका रेषेत आहेत का हे पट्टी लावून पाहा, २ मिमीचा फरकही पट्टा खातो. डॅशवरचा लाल चार्जिंग दिवा जोडलेलाच हवा, एलईडी नव्हे, २-३ वॅटचा साधा बल्ब. त्यातूनच अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट मिळतो. अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंतची वायर नवी, किमान ६ चौरस मिमीची.

जुन्या कट-आउटचा, म्हणजे डायनमोच्या रेग्युलेटरचा डबा फेकू नका. आतलं काढून टाका आणि त्या रिकाम्या डब्यात नवे फ्यूज बसवा. बाहेरून सगळं १९७० सालचंच दिसतं.

हेडलाइट मिणमिणतात ते बल्बमुळे कमी आणि वायरिंगमुळे जास्त. दिवे लावून बॅटरीवर आणि बल्बच्या पिनांवर व्होल्टेज मोजा. जुन्या स्विचमधून जाताना एक-दीड व्होल्ट सहज हरवतो. १० टक्के व्होल्टेज कमी झालं की प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. उपाय म्हणजे दोन रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच), एक अपरला, एक डिपरला. ३० नंबरच्या पिनेला बॅटरीवरून फ्यूजसकट २.५ चौरस मिमीची वायर, ८७ वरून बल्बला, ८६ ला जुन्या स्विचची वायर, ८५ अर्थला. जुना स्विच आता फक्त रिले चालवतो, म्हणून तापत नाही. सात इंची गोल काचेत ६०/५५ वॅटचा एच-४ बल्ब पुरे. तपकीर गल्लीत मिळणारे पांढरेशुभ्र एलईडी या रिफ्लेक्टरसाठी नाहीत. उजेड पसरतो, समोरच्याचे डोळे दिपतात आणि रस्ता दिसत नाही तो नाहीच.

पंखा रेडिएटरच्या जाळीत प्लॅस्टिकच्या पट्ट्या खुपसून बांधू नका, महिन्याभरात त्या नळ्या घासून भोक पाडतात. वर-खाली पट्टीचा कंस करा. ९२ अंशांना सुरू आणि ८७ ला बंद होणारा स्विच, रिले आणि २० अँपिअरचा फ्यूज. थर्मोस्टॅट काढून टाकायची गॅरेजची सवय मोडा. त्याशिवाय हायवेवर इंजिन थंडच राहतं आणि तेलात चिखल साठतो. रेडिएटरमध्ये बोअरवेलचं पाणी अजिबात नको, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे. लोखंडी ब्लॉक आणि ॲल्युमिनियम हेड एकत्र असताना साध्या पाण्याने हेडच खायला सुरुवात होते.

ठिणगीची वेळ साधणाऱ्या जुन्या पॉइंट-कंडेन्सरऐवजी डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली बसणारा इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल लावता येतो, बाहेरून कळतही नाही. आधी शाफ्ट हलवून पाहा. बुश ढिला असेल तर मॉड्यूलही चुकीच्या वेळी ठिणगी देईल. कॉइल ३ ओहमची आहे की दीडची ते मीटरने मोजा. दीडची कॉइल रेझिस्टरशिवाय लावली तर मॉड्यूल जळतो. इंजिन बंद असताना इग्निशन चालू ठेवू नका. जुनी पॉइंट प्लेट ग्लोव्ह बॉक्समध्ये असू द्या, मॉड्यूल रस्त्यात गेला तर वीस मिनिटांत घरी निघता येतं.

रंगकामानंतर दिवे अंधुक, हॉर्न घोगरा, सेल्फ सुस्त, ही तक्रार आली की नव्वद टक्के कारण नवा रंगच असतो: अर्थच्या जागीही रंग मारला जातो. प्रत्येक अर्थपॉइंट खरवडून दातेरी वॉशर लावा. इंजिन आणि बॉडीला जोडणारी विणीची पट्टी विसरू नका. ती नसली तर सेल्फचा करंट ॲक्सिलरेटर किंवा चोकच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल तापून धूर निघतो.

बाकी छोटी कामं

तीन बिंदूंचा सीट बेल्ट बसवताना खांबाच्या आतून किमान ३ मिमी जाडीची, तळहाताएवढी पोलादी पट्टी आणि ७/१६ इंची यूएनएफ बोल्ट. बोहरी आळीतला साधा बोल्ट इथे चालत नाही, बेल्टसोबत येतो तोच घ्या. पत्र्याला एक भोक पडतं खरं. वर सांगितलेल्या कसोटीला हा एकच अपवाद आम्ही करतो. आत बसलेली माणसं गाडीइतकीच मोलाची.

टायर १६५/८० आर १४ सहज मिळतात. मूळ ५.२० च्या आडव्या जाळीच्या (क्रॉस-प्लाय) टायरपेक्षा व्यास सुमारे २ टक्के जास्त, म्हणून स्पीडोमीटर तेवढा कमी दाखवेल. बसवण्याआधी स्टिअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवून कुठे घासतं का पाहा. रिम रिव्हेटची असेल तर ट्यूब टाकाच. जुन्या रेडिओच्या दर्शनी भागामागे ब्लूटूथचा छोटा ॲम्प्लिफायर, ग्लोव्ह बॉक्सच्या आत यूएसबी सॉकेट, दोन्हींना स्वतंत्र ३ अँपिअरचा फ्यूज, बस.

पहिली फेरी

प्लग काढून सेल्फ मारा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत, मगच प्लग लावा. तेल २०डब्ल्यू-५०, साधं खनिज. पहिला दिवस घराभोवती, २० मिनिटं चालवा, थंड करा, खाली पुठ्ठा टाकून गळती पाहा. मग पीयूसी केंद्रात जा आणि नुसता कागद घेऊन येऊ नका, आकडा विचारा. या गाड्यांना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के. १ च्या खाली आला तर मिश्रण पातळ आहे, आयडलचा स्क्रू किंचित सोडा. एवढ्या पैशात हे सर्वांत स्वस्त ट्यूनिंग यंत्र आहे.

पहिले १,००० किलोमीटर ताशी ६० च्या आत, एकाच वेगात फार वेळ न राहता. कात्रज घाट ५०० नंतर, आणि त्याच दिवशी सकाळी, गाडी थंड असताना, हेडचे नट, पाट्यांचे यू-बोल्ट, चाकांचे नट आणि अल्टरनेटरचा ब्रॅकेट पुन्हा आवळून, तेल बदलून.